सावंतवाडीचा रंगीत चौरंग: साफसफाई आणि देखभालीच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, कुडाळ

काल भाऊबीज झाली. आज आत्येच्या घरच्या रंगीत वस्तू कामाला घेतल्या. एक चौरंग, दोन पाट आणि तीन पायांचं एक गोल टेबल. सगळं सावंतवाडीचं, तिच्या लग्नात आलेलं, म्हणजे १९८३ चं. चौरंगाच्या मधोमध कमळ आणि भोवती दहा गोलांत दशावतार आहेत. पाटांवर वेलबुट्टी आणि कडेने लाल-पिवळी पट्टी. टेबलावर गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांची, पानं पसरून ठेवल्यासारखी रंगवली आहेत; परशुरामाची पानं परशूंची, वामनाची कमंडलूंची.

काम दिवाळीनंतर सुरू करायचं हे आधीच ठरलं होतं. पावसात भिजकट हवेने लाकूड फुगलेलं असतं आणि रंग ताणात असतो, तेव्हा त्याला हात लावू नये. आज दुपारी माजघरात आर्द्रता ६१ टक्के होती. पुढच्या महिन्यात आणखी उतरेल. हे दोन-तीन महिनेच कोकणात अशा कामाचे.

५ नोव्हेंबर

आज फक्त बघितलं. खोलीत काळोख केला आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून सपाट वाटणारी फळी आडव्या उजेडात वेगळीच दिसते. सुटलेल्या प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते, बोट फिरवूनही न कळणाऱ्या भेगा ओळीने उभ्या राहतात. फोटो काढले आणि कागदावर चौरंगाचा नकाशा करून त्यावर खुणा केल्या. काजळी काळ्या पेन्सिलने, हळद-कुंकवाचे डाग लाल, सुटलेला रंग निळा, गेलेला रंग हिरवा.

नकाशा पुरा झाल्यावर एक गोष्ट इतकी ठळक दिसली की मी आत्येला बोलावून दाखवली. गणपतीची मूर्ती दरवर्षी जिथे बसते ते मधलं कमळ जवळजवळ धड आहे. मागची कड, जी कायम भिंतीला असते, तिथले अवतार जवळजवळ कोरे करकरीत आहेत. पुढच्या कडेचे मात्र पुसट झालेत. वामनाला डोळे उरलेले नाहीत. आणि चारही पायांचा खालचा दोन-दोन इंचांचा रंग साफ गेलाय.

म्हणजे पुसताना हात जिथे पोचतो तिथला रंग गेला, आणि लादी पुसताना ओलं फडकं जिथे लागतं तिथला गेला. वजनाने किंवा पूजेने झालेलं नुकसान त्या मानाने किरकोळ आहे. रंगीत लाकडाचा घात बहुतेक वेळा साफसफाईच करते, हे मी इतर घरांतल्या वस्तूंवरही पाहिलंय, पण इतकं स्पष्ट कुठे दिसलं नव्हतं. पुढचं सगळं काम या नकाशाला धरून करायचं.

९ नोव्हेंबर

हात लावण्याआधी थर समजून घ्यायला हवेत. सगळ्यात खाली लाकूड. त्यावर अस्तर, म्हणजे खडूची भुकटी सरसात किंवा चिंचोक्याच्या खळीत कालवून दिलेला पांढरा लेप. घासून गुळगुळीत केलेला. त्यावर रंग. आणि सगळ्यावर लाखेचा पारदर्शक हात. या चार थरांचे स्वभाव एकमेकांशी जमत नाहीत. खळ आणि सरस पाण्याने विरघळतात. लाख साध्या पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण स्पिरिटने लगेच विरघळते, सोड्याने किंवा अल्कधर्मी साबणाने मऊ पडते आणि गरम भांड्यानेही नरम होते. लाख आहे तोवर खालचं अस्तर कोरडं. तिला भेग पडली की पाणी त्या भेगेतून आत उतरतं, अस्तर मऊ होतं आणि वरचा रंग अख्खा पापुद्रा होऊन उठतो. ओल्या फडक्याने पहिल्या दिवशी काही होत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. भेगा पडल्यावर तेच फडकं रंग उचलून नेतं.

वरचा थर खरंच लाखेचा आहे का, हे तपासलं. चौरंगाच्या फळीच्या खालच्या अंगाला, पायाच्या सांध्याजवळ, रंगाचा एक ओघळ आहे. तिथे काडीच्या टोकाने स्पिरिटचा बारीक ठिपका. चिकट झालं, कापसाला पिवळसर रंग आला. लाखच. पाटांवरही तेच. टेबलाच्या खालच्या कडेवर मात्र स्पिरिटने काही फरक पडला नाही. आत्येला विचारल्यावर उलगडा झाला: पंधरा-वीस वर्षांपूर्वी घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याकडून टेबलाला ‘चमक यावी’ म्हणून व्हार्निशचा हात मारून घेतला होता. तरीच ते सरसकट पिवळं दिसतंय. टेबलाचं काम वेगळं धरायचं.

१२ नोव्हेंबर

कोरडी सफाई. रुंद, मऊ केसांचा ब्रश घेतला. त्याच्या धातूच्या पट्टीला कापडी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे चुकून आपटली तरी रंगावर चरा पडणार नाही. ब्रशने धूळ एका दिशेला लोटायची आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मलमल बांधून ते दोन इंच वर धरायचं. रंगाचा तुकडा उडालाच तर मलमलीवर सापडतो. निळी खूण असलेल्या जागांवर ब्रशसुद्धा नाही.

कुंकू आज सुकंच काढलं, हे महत्त्वाचं. सांध्यांच्या फटीत वर्षानुवर्षांचं कुंकू साठलंय. बाजारातल्या कुंकवात पाण्यात विरघळणारे रंग असतात. कोरडं आहे तोवर ती पावडर आहे. त्यावर ओला कापूस फिरला की तो लाल रंग भेगेतून पांढऱ्या अस्तरात शिरतो आणि मग तो कुणालाच काढता येत नाही. बांबूची काडी चपटी तासून त्याने फटीतलं कुंकू सैल केलं आणि ओढून घेतलं. अक्षतांचे दाणे, उदबत्तीची राख आणि एक सुकी दूर्वाही निघाली.

नुसत्या कोरड्या सफाईने चौरंग इतका उजळला की आत्या म्हणाली, “झाला मगे, आता पुरे.” खरं तर बहुतेक घरांत इथेच थांबलं तरी चालेल.

१६ नोव्हेंबर

ओल्या चाचण्या. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच आणलं. नळाचं पाणी नको. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढरी कड सोडतात. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, पाण्यात बुडवून टिपकागदावर टेकवायचा, म्हणजे तो दमट राहतो, ओला नाही. मग रंगावर लाटायचा. घासायचं नाही, लाटताना मळ कापसाला चिकटून वर येतो, घासताना तो रंगात दाबला जातो.

प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी, न दिसणाऱ्या कोपऱ्यात. काळा आणि पिवळा स्थिर. हिरवा स्थिर. निळ्याने किंचित रंग सोडला, तोही फक्त जिथे लाख झिजलीय तिथे. लाल पट्टीने मात्र कापूस गुलाबी केला. लाल पट्टीला पाणी वर्ज्य, असं नकाशावर लिहून ठेवलं.

नुसत्या पाण्याने न निघणाऱ्या मळाला लाळ लावली. ऐकायला विचित्र वाटेल, पण वस्तुसंग्रहालयांत संवर्धनाचं काम करणारे लोक हे नेहमी करतात. लाळ किंचित कोमट असते, जवळजवळ उदासीन असते आणि तिच्यातली विकरं (एन्झाइम) पिठूळ, चिकट मळ सोडवतात. नैवेद्याचे जुने थेंब तिने सुटले. दोन पथ्यं पाळायची. वापरलेला बोळा पुन्हा तोंडाजवळ न्यायचा नाही, कारण जुन्या रंगांत काय असेल सांगता येत नाही. पारंपरिक रंगांतला हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाची (आर्सेनिकची) आणि सफेदा शिशाचा. आणि लाळेनंतर त्या जागेवर पाण्याचा दमट बोळा फिरवायचा, काही मागे ठेवायचं नाही.

२० नोव्हेंबर

काजळी. समईच्या बाजूच्या कडेवर तेलकट काळा थर आहे. पाणी त्यावरून घरंगळतं. तेलाला पेट्रोलियम जातीचा द्रव लागतो, म्हणून मिनरल टर्पेंटाइन, रंगाच्या दुकानात मिळतं ते. लाख त्यात विरघळत नाही, तेल आणि मेण विरघळतं. चौरंगाच्या बाबतीत हा योग फार सोयीचा आहे. थिनर मात्र हाताजवळही नको, तो लाख आणि रंग दोन्ही नेईल.

खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवलेला, हातात मोजे. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते, त्यामुळे त्या खोलीत उदबत्तीसुद्धा नको. बोळे एकामागून एक काळे होत गेले आणि खालून नरसिंहाचा पिवळा पितांबर निघाला. काळ्या थराखाली तो इतका ताजा राहिलाय की शेजारचा गोल आता फिका वाटतो. घट्ट बसलेली जुनी काजळी मी पूर्ण काढली नाही. ती निघेपर्यंत घासलं असतं तर लाख पातळ झाली असती.

२१ नोव्हेंबर

हळदीचे डाग. यांच्यावर बराच विचार केला आणि ते तसेच ठेवायचं ठरवलं. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि स्पिरिट लाख नेतं. साबण लावला तर अल्कामुळे पिवळा डाग लाल होतो; पांढऱ्या कपड्यावर पडलेल्या वरणाचं जे होतं तेच. उन्हात हळद फिकी पडते खरी, पण ऊन चित्रातल्या रंगांनाही सोडत नाही आणि लाखही तापवतं. म्हणजे डाग काढायच्या प्रत्येक वाटेवर चित्राचं नुकसान आहे. पूजेच्या चौरंगावर हळद असणं मला तरी खटकत नाही.

२४ नोव्हेंबर

आज खोबरेल तेलावरून आत्येशी चर्चा झाली. इकडे घरोघरी रंगीत पाट-चौरंगाला सणाआधी खोबरेल लावतात. रंग गडद दिसतो, चमक येते. आत्या म्हणाली, “इतकी वर्सां मी ह्येका तेल लावलंय, काय झाला?”

मी तिला चौरंगाच्या खालच्या अंगाचा तो कोपरा दाखवला, जिथे तेल ओघळून सुकलंय. तपकिरी, चिकट आणि त्यावर धुळीचा लेप. खोबरेल पूर्ण सुकत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं, खवट होतं, आणि पावसाळ्यात त्या तेल-धुळीच्या थरावर बुरशी सगळ्यात आधी धरते. भेगेतून आत गेलेलं तेल अस्तर डागाळतं आणि सुटलेला पापुद्रा पुन्हा चिकटवायची वेळ आली की तिथे कुठलाच डिंक बसत नाही. जवसाचं तेल तर त्याहून वाईट. ते सुकतं, पण सुकून पिवळं-काळं होतं आणि मग निघत नाही. बाजारातल्या सिलिकॉनवाल्या फवाऱ्यांचंही मला तेवढंच वावडं आहे, त्यांचा थर पुढच्या प्रत्येक कामात आडवा येतो.

आत्येने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, “मगे चमक खंय्सून येतली?” प्रश्न बरोबर आहे. तेलाने पाच-सहा दिवस जी चमक दिसते ती लाखेच्या बारीक चऱ्यांत तेल भरल्यामुळे दिसते. खरी चमक लाखेची, आणि ती मळ निघाल्यावर आपोआप वर आलीय. दोघींनी मिळून समईच्या बाजूची स्वच्छ केलेली कड उजेडात धरून पाहिली. तिला पटलं.

३० नोव्हेंबर

सुटलेले पापुद्रे बसवायचं काम. यात घाई करायला जागाच नाही.

जिलेटिनचं ३ टक्क्यांचं द्रावण केलं. १०० मिली कोमट पाण्यात ३ ग्रॅम, वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ राखायचं. उकळायचं नाही. सर्वात बारीक ब्रशने पापुद्र्याच्या कडेला एक थेंब टेकवला की तो आपणहून आत ओढला जातो. काही क्षणांत कडक पापुद्रा लवतो. मग त्यावर जपानी टिश्यूचा, म्हणजे पातळ पण चिवट कागदाचा, तुकडा, त्यावर चिकट न होणारी पॉलिएस्टरची पारदर्शक शीट, आणि वर वाळू भरलेली लहानशी कापडी पिशवी. रात्रभर तसंच. बाहेर सांडलेलं जिलेटिन लगेच दमट बोळ्याने टिपायचं, नाहीतर सुकून चकाकतं.

घरी फेव्हिकॉलने असे पापुद्रे चिकटवलेले मी पाहिलेत. तो डिंक एकदा सुकला की रंगाला धक्का न लावता सोडवणं कठीण. पुढे लाकूड हललं की रंग डिंकासकट, कधी लाकडाचे तंतू घेऊन निघतो. जिलेटिन उद्या हवं तर कोमट पाण्याने सोडवता येतं. माझ्यानंतर कुणी यावर काम केलं तर त्याचा हात मोकळा राहायला हवा.

आज कमळाच्या पाकळ्या आणि मत्स्यावताराचा गोल झाला. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

७ डिसेंबर

पापुद्रे संपले. एक प्रश्न उरलाय. चौरंगाची फळी तीन तुकडे जोडून केलेली आहे आणि दोन्ही सांध्यांवर रंगात सरळ भेग आहे. शेजारचे सुतारकाका बघायला आले होते. म्हणाले, लांबी (पुट्टी) भरून घे, दिसणारसुद्धा नाही. त्यांचा हात चांगला आहे आणि साध्या फर्निचरला मीही तेच केलं असतं. इथे नको म्हटलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. आत्ता भेग उघडी आहे कारण हवा कोरडी आहे. आत्ता ती पुट्टीने बुजवली तर जुलैत फळ्या फुगतील, त्यांना सरकायला जागा राहणार नाही आणि दोन्ही कडांचा रंग दाबाने वर उचलला जाईल. भेग उघडी राहू दे. काकांनी मान डोलावली आणि मागच्या उजव्या पायाची सैल खुंटी मात्र लक्षात आणून दिली, जी मला दिसली नव्हती.

१५ डिसेंबर

एका पाटाखाली पिठासारखी फिकट भुकटी. खालच्या अंगाला दीड-एक मिलिमीटरची गोल भोकं. जुनी भोकं की किडा जिवंत, हे भोकावरून कळत नाही, म्हणून पाट काळ्या कागदावर ठेवला होता. आठवड्यात कागदावर नवी भुकटी पडली. किडा आत आहे.

रॉकेल ओतायचा घरगुती उपाय इथे चालणार नाही, ते पाझरून अस्तरापर्यंत जाईल. गोठवायचं ठरवलं. नात्यातल्या एकांचं आइस्क्रीमचं दुकान आहे, थंडीत त्यांचा एक डीप फ्रीझर रिकामा असतो. पाट मलमलीत गुंडाळला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा जमेल तितकी दाबून काढली आणि तोंड टेपने बंद केलं. उणे १८ अंशांवर दोन आठवडे. या पाटावरचा रंग घट्ट आहे म्हणून हे करायला धजले. चौरंगाला मी कधीच गोठवलं नसतं.

३० डिसेंबर

पाट बाहेर काढला, पण पिशवी उघडली नाही. थंड वस्तू दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं. पिशवी बंद असेल तर ते दव पिशवीच्या बाहेर धरतं आणि पाट कोरडा राहतो. पूर्ण दिवस तसाच ठेवणार. मग परत काळ्या कागदावर.

११ जानेवारी २०२५, सावंतवाडी

चितारआळीत आणि मोती तलावाकाठच्या राजवाड्यात जाऊन आले. राजवाड्यात आजही कारागीर बसून गंजिफा आणि रंगीत लाकडी वस्तू करतात. ही कला एका टप्प्यावर जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामसाहेब आणि सत्वशीलादेवी भोंसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकून पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. आत्येचं टेबल आणि चौरंग त्या पुनरुज्जीवनानंतरच्या पहिल्या पिढीतले, म्हणून मला ते नुसते घरातले जिन्नस वाटत नाहीत.

दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. रंगवणाऱ्याचा हात बघत बराच वेळ बसले. रेघ एका दमात येते, परत गिरवत नाहीत. हे बघितल्यावर वामनाच्या डोळ्यांचा निर्णय सोपा झाला. तिथे एका कारागिराने आपुलकीने विचारलं, आणा इकडे, नवा करून देतो. तो करेलही, आणि सुरेख करेल. पण मग तो त्याचा चौरंग होईल. जुन्या कारागिराची जी अर्धी रेघ वामनाच्या कपाळावर शिल्लक आहे ती झाकली जाईल. त्याच्याकडून नवा पाट मात्र विकत घेतला, रोज बसायला.

१९ जानेवारी

गेलेल्या रंगाच्या जागा. पांढरं अस्तर उघडं पडलं की नजर आधी त्या पांढऱ्या ठिपक्यांवर जाते, चित्रावर नाही. म्हणून त्या ठिपक्यांत, फक्त ठिपक्यांतच, जलरंगाचे टिपके दिले. शेजारच्या रंगापेक्षा थोडे फिके. लांबून चित्र एकसंध दिसतं, जवळून कुठे माझा हात आहे ते ओळखू येतं. दमट बोळ्याने ते केव्हाही निघतील. डोळे, बोटं, दागिने यांची कुठलीही रेघ मी काढली नाही.

पायांचा खालचा भाग असाच ठेवला. तिथे दोन इंच उघडं लाकूड आहे, रंगवून काय करणार?

२ फेब्रुवारी

टेबल. त्या व्हार्निशला उतरवायला जे जोरदार द्रव लागतील ते खालची लाख आणि चित्रही सोबत उतरवतील. आधीचा हात निघत नसेल तर नवा देऊ नये. धूळ काढली, पाण्याच्या दमट बोळ्याने मळ काढला, संपलं. मधोमध चहाच्या कपाची पांढरी वर्तुळं आहेत, ती खालच्या लाखेत ओल अडकून आलेली. ती व्हार्निशखाली बंद झालीत. त्यावर भरतकामाचं कापड घालायला आत्येने आनंदाने होकार दिला.

९ फेब्रुवारी

मेण कुठे आणि किती, यावर मी फार सावध आहे. चौरंगाच्या चित्रावर मेण नाही. तिथे लाख आहे, तीच पुरेशी. मेणाने भेगांत पांढऱ्या रेघा उमटतात. पण पायांच्या तळव्यांना संरक्षण हवं. आडव्या कापलेल्या लाकडाची तोंडं तिथे उघडी असतात आणि लादीवरचं पाणी तीच शोषून वर चढवतात.

मधमाशीचं मेण १ भाग, मिनरल टर्पेंटाइन ३ भाग. गॅस बंद करून, आधी उकळवलेल्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवलं, मग बाहेर नेऊन त्यात टर्पेंटाइन मिसळलं. पेटत्या शेगडीवर हे मिश्रण कधीच नाही. थंड झाल्यावर मलमासारखं होतं. तळव्यांना आणि उघड्या लाकडाला दोन हात, मध्ये एक रात्र, नंतर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने घासलं.

गोठवून काढलेल्या पाटाखालचा काळा कागद स्वच्छ आहे.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. काल मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं, पण सिंधुदुर्गात त्याआधीच काही दिवस झोडपत होता. उन्हाळ्यात करायची बांधाबांध आठवडाभर अलीकडे उरकावी लागली. आर्द्रता ८४.

चौरंग आणि पाट माळ्यावर ठेवायचे नाहीत, तिथे कौलांखाली दिवसा तापतं आणि रात्री गारठतं. बाहेरच्या भिंतीला लावायचे नाहीत, ती भिंत पावसाळाभर ओल धरते. माजघरात, आतल्या भिंतीपासून चार बोटं सोडून, लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. वर धुतलेल्या सुती कापडाची सैल खोळ. प्लास्टिक नाही, प्लास्टिकच्या आत हवा कोंडते आणि बुरशीला तेच हवं असतं. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत निरुपयोगी आहेत, त्या बंद पेटीत काम करतात. खोलीसाठी पंखा रोज थोडा वेळ, वाऱ्याचा झोत वस्तूंवर न येईल असा.

१३ जुलै

खोळ काढून तपासलं. आर्द्रता ९१. सांध्यांच्या दोन्ही भेगा पूर्ण मिटल्यात, आता नखसुद्धा जात नाही. कडांचा रंग उचललेला नाही. सुतारकाकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बोटाने सांधा चाचपत होते.

बुरशी चौरंगावर नाही. टेबलाच्या खालच्या अंगाला बुरशीची राखाडी लव आली होती, जिथे जुनं तेल मी पूर्ण काढू शकले नव्हते. पडवीत नेऊन, मास्क लावून, मऊ ब्रशने मलमल बांधलेल्या व्हॅक्यूमकडे लोटली. ओल्या फडक्याने बुरशी पुसली की ती पसरते.

२४ ऑगस्ट

बुधवारी चतुर्थी. चौरंग गणपतीलाच वापरायचा, यावर माझं आणि आत्येचं एकमत आहे. तो त्यासाठीच घडवलेला आहे. वापर कसा करायचा ते ठरवलं.

चौरंगापेक्षा लहान मापाची पातळ प्लायवूडची फळी कापून घेतली, खाली फेल्टचे तुकडे, वर लाल खण. मूर्ती त्या फळीवर. मूर्तीसमोरचं पाणी, पंचामृत, ओली फुलं हे सगळं पुढे ठेवलेल्या पितळी ताटात. केळीचं पान धुतल्यावर पुसून कोरडं करूनच. समई चौरंगापासून हातभर दूर, म्हणजे काजळी आणि उष्णता दोन्ही लांब राहतात. दशावताराचे गोल कडेला आहेत, ते फळीच्या बाहेर उघडे दिसतात. आत्येची हीच अट होती, ते दिसायला हवेत.

लादी पुसणाऱ्या मावशींना ठोकळे दाखवले. त्या म्हणाल्या, “इतक्याच ना? हयसर कोरड्या फडक्यान पुसतंय.”

१ सप्टेंबर

काल पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन झालं. आज दुपारी पावसाने उघडीप दिल्यावर चौरंग तपासला. फळीखाली कोरडं. पुढच्या कडेवर कुंकवाचे चार शिंतोडे, ते सुकेच ब्रशने निघाले. परशुरामाच्या गोलाजवळ एक नवा पापुद्रा उचललाय, जुन्या जिलेटिनच्या कडेलाच. त्याला आत्ता हात लावणार नाही, टिश्यूचा तुकडा नुसता वर ठेवलाय आणि नकाशावर निळी खूण केलीय. नोव्हेंबरच्या कामात तो पापुद्रा, मागच्या उजव्या पायाची खुंटी आणि टेबलाच्या खालचं उरलेलं तेल.